नाणेघाटातला न लिहिलेला हिशेब

नाणेघाटाविषयी मराठीत जे लेखन होते त्यातील बहुतेक एका दगडी रांजणापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. सातवाहनांच्या काळी कल्याण-सोपाऱ्याकडून चढून येणारे व्यापारी या रांजणात जकातीची नाणी टाकीत, त्या नाण्यांवरून घाटाला नाव पडले नाणेघाट, अशी ती हकीगत आहे. अलीकडे तिला ‘जगातला पहिला टोलनाका’ असे एक बिरुदही चिकटले आहे. असल्या बिरुदांविषयी आम्हाला फारशी आस्था नाही. पहिले कोण आणि दुसरे कोण हे ठरविण्यासाठी जगभरच्या घाटांची मोजदाद करावी लागेल, आणि ती कोणी केलेली नाही. परंतु या हकीगतीच्या निमित्ताने एक प्रश्न मात्र विचारण्याजोगा आहे. वाट ज्याच्या ताब्यात आहे तो वाटसरूकडून काही घेतो, त्याच्यावर नजर ठेवतो; या देण्याघेण्याची आणि या पाहण्याची नोंद कोण ठेवतो, कुठे ठेवतो, आणि ती वाचता कोणाला येते?

प्रथम जागा. जुन्नरच्या पश्चिमेला सुमारे ३० किलोमीटरवर, घाटघर गावापाशी सह्याद्रीचे पठार एकाएकी संपते. समोर नानाचा अंगठा म्हणून ओळखला जाणारा सुळका, बाजूला जीवधन किल्ला, आणि या दोहोंच्या मध्ये कातळात फोडलेली एक अरुंद खिंड. खिंडीतून उतरणारी वाट मुरबाड तालुक्यातील वैशाखऱ्याकडे, म्हणजे कोकणात जाते. पाठीमागे जुन्नरच्या बाजूला हडसर, चावंड आणि शिवनेरी असे किल्ले वाटेवर डोळा ठेवून उभे आहेत. दक्षिणेकडे आंबेगाव तालुक्यात आहुप्याचा घाट आहे, अशा इतर पायवाटाही आहेत. पण लादलेल्या बैलांचा तांडा घेऊन जाणाऱ्या माणसाला वाटेल तिथून डोंगर चढता येत नाही. वाहतुकीचे नियंत्रण म्हणून आज ज्या गोष्टीसाठी एवढी यंत्रे लावावी लागतात, तिचे निम्मे काम इथे डोंगरानेच करून ठेवले होते. खिंडीच्या तोंडाशी चार माणसे बसली की कोण आले, कोण गेले, हे त्यांना कळल्यावाचून राहत नसे.

आणि नेमके इथेच, खिंडीतल्या लेण्यात, तो प्रसिद्ध शिलालेख आहे. १८२८ साली विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने तो पाहिला. ब्राह्मी लिपी उलगडल्यानंतर जेम्स प्रिन्सेपने त्याच्या वाचनाचा प्रयत्न केला. पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८७० च्या दशकात त्यातील अंकांचा अभ्यास केला आणि गेऑर्ग ब्यूलर याने १८८३ मध्ये त्याचे सविस्तर वाचन प्रसिद्ध केले. लेख प्राकृतात आहे. काळाविषयी मतभेद आहेत. सामान्यतः इसवी सनापूर्वीचे दुसरे किंवा पहिले शतक मानले जाते. तो कोरविणारी नागनिका ही सातवाहन सातकर्णीची राणी आणि एका महारठीची कन्या. लेण्यात एका भिंतीशी राजकुटुंबाच्या प्रतिमा होत्या. आज पायांचे अवशेष आणि वरची नावे तेवढी उरली आहेत. सिमुक सातवाहन, देवी नागनिका आणि राजा सातकर्णी, कुमार भाय, महारठी त्रणकयिर, कुमार हकुसिरी, कुमार सातवाहन. उरलेल्या भिंतींवर यज्ञांची यादी आणि यज्ञांत दिलेल्या दानांची यादी. राजसूय, दोन अश्वमेध, आप्तोर्याम, गवामयन. गाई, हत्ती, घोडे, वस्त्रे, कार्षापण. दक्षिणेचे आकडे शेकड्यांत आणि हजारांत जातात. त्यात २४,४०० असा आकडाही वाचला गेला आहे. भारतीय अंकलेखनाच्या इतिहासात या लेखाला जे स्थान आहे ते या आकड्यांमुळे.

साहित्याच्या विद्यार्थ्याने हा लेख वाचताना एक साधी गोष्ट पाहावी असे आम्ही सुचवू. हा मजकूर यज्ञभूमीवर नाही, राजधानीत नाही, देवळात नाही. जिथे दमलेला माणूस चढ संपवून टेकतो, तिथे तो आहे. त्या माणसाला कदाचित वाचता येत नसेल, पण प्रतिमा पाहता येत होत्या आणि भिंतभर कोरलेले आकडे कसले आहेत हे विचारता येत होते. राजाने किती दिले याचा तो जाहीर हिशेब होता. लेखाचा बराच भाग झिजला, फुटला आहे हे खरे. पण जे वाचता येते त्यात जकातीचा एक शब्दही नाही. ज्या घाटाला आपण जकातीचा घाट म्हणतो, त्याच्या सर्वांत मोठ्या दस्तऐवजात देणे आहे, घेणे नाही.

मग रांजणाचे काय? रांजण आहे, तो दगडी आहे, मोठा आहे, आणि त्याला जकातीशी जोडणारी परंपरा जुनी आहे. त्यापलीकडे पुरावा नाही. घाटाच्या नावावरून निष्कर्ष काढणेही जोखमीचे आहे. नाणे-घाट ही फोड कानाला पटते. पण त्याच ठिकाणी नानाचा अंगठा आहे, नाना आणि गुणा या दोन भावांची कथा आहे, आणि नागनिकेचे नावही आहे. लोकव्युत्पत्ती ही इतिहासाची साक्षीदार असते, पण ती बहुधा घटनेची साक्ष देत नाही. लोकांना घटना कशी आठवावीशी वाटली त्याची देते. आणि इथे लोकांना राजाचे अश्वमेध आठवले नाहीत, आपण टाकलेली नाणी आठवली. भिंतीवरचा हिशेब पंडितांनी वाचेपर्यंत शेकडो वर्षे कोणाला कळत नव्हता; रांजणाचा मात्र सर्वांना तोंडपाठ होता. आम्हाला तरी ही गोष्ट रांजणाच्या खरेखोटेपणापेक्षा अधिक महत्त्वाची वाटते.

घाटात पाण्याची टाकी आहेत आणि टाक्यांवरही लेख आहेत. त्यांपैकी एकात सोपाऱ्याच्या गोविंददासाचे नाव आहे. टाके हे त्याचे देयधर्म, म्हणजे दान. या वाटेने जाणाऱ्या असंख्य माणसांपैकी ज्यांची नावे आपल्याला ठाऊक आहेत अशा थोडक्यांपैकी हा एक. तो व्यापारी असेल तर त्याने वाटेवर जकातही भरली असेल. तिची नोंद नाही. पाणी दिले तेवढे कोरले गेले. जुन्नरच्या लेण्यांतही तेच दिसते. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने लेणे आणि टाके दिल्याचा लेख तिथे आहे, बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्याचे उल्लेख आहेत, यवन दात्यांची नावे आहेत. एका अख्ख्या व्यापारी नगरीचा जमाखर्च डोंगरावर कोरलेला आहे, पण त्यातली फक्त दानाची बाजू. अर्थात, कर भरल्याचा अभिमान दगडावर कोरून ठेवावा असे कोणाला वाटेल, हाही प्रश्नच आहे.

तेव्हा जकातीचा शोध घ्यायचा तो तिच्या माफीत घ्यावा लागतो. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा नाशिकच्या लेण्यातील लेख या दृष्टीने मोलाचा आहे. आपल्या सत्कृत्यांच्या यादीत तो इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर पुण्यार्थ नावा ठेवल्याचे सांगतो. उतारूंकडून काही न घेता पार करणाऱ्या या नावा. दाहनुका म्हणजे आपल्या डहाणूकडची नदी. फुकट तर हे पुण्यकर्म म्हणून शिलेवर लिहावे लागते याचा अर्थ उघड आहे: एरवी ती फुकट नव्हती. नेहमीची वसुली अबोल असते. सवलत मात्र स्वतःची जाहिरात करते.

जे दगडावर नाही ते शास्त्रात आहे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या काळाविषयी विद्वानांत एकमत नाही, आणि त्यातील नियम नाणेघाटात जसेच्या तसे पाळले जात होते असे म्हणण्याचा आमचा मुळीच इरादा नाही. पण प्राचीन भारतीय राज्य वाटेकडे कोणत्या नजरेने पाहू शकत होते हे त्यातून नेमके कळते. दुसऱ्या अधिकरणात शुल्काध्यक्षाचे प्रकरण आहे. नगरद्वाराजवळ शुल्कशाळा आणि तिच्यावर ध्वज. तिथे चार-पाच जण बसून येणाऱ्या व्यापाऱ्यांची नोंद करतात: कोण, कुठले, माल किती, आणि ओळखीची मुद्रा कुठे उमटवून घेतली. मालावर मुद्रा नसेल तर देय रकमेच्या दुप्पट दंड. मुद्रा खोटी असेल तर शुल्काच्या आठपट.

हे वाचताना पुढच्या गोष्टीचा उल्लेख आत्ताच केल्यावाचून राहवत नाही. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग सक्तीचा झाला, आणि ज्या वाहनावर तो नसेल त्याला दुप्पट पथकर पडू लागला. १५ नोव्हेंबर २०२५ पासून त्यात थोडी सूट आली: रोखीने भरले तर दुप्पट, यूपीआयने भरले तर सव्वापट. मुद्रा नसलेल्या मालाला दुप्पट ही कल्पना दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथातून कोणी उचलली नसणार. वाटेवर बसलेल्या राज्याला एकच गोष्ट सगळ्यांत नकोशी असते: ओळख न देता जाणारा वाटसरू. ही त्याची वृत्ती मात्र फारशी बदललेली नाही.

त्याच प्रकरणात सीमेवरच्या अधिकाऱ्याचा, अंतपालाचा नियम येतो. मालाच्या गाडीमागे सव्वा पण, एकखुरी जनावरामागे एक पण, गुरामागे अर्धा, लहान जनावरामागे पाव, आणि खांद्यावर ओझे घेऊन जाणाऱ्याकडून एक माषक. या कराला वर्तनी म्हणजे वाटेचा कर असे नाव आहे. दरपत्रक इथे संपते आणि लगेच पुढे एक छोटेसे कलम येते. वाटेत काही हरवले वा चोरीला गेले तर ते अंतपालाने भरून द्यावे. प्रा. कंगले यांच्या चिकित्सक आवृत्तीमुळे हा ग्रंथ मराठी अभ्यासकांना सहज उपलब्ध झाला, पण हे कलम आमच्या मते जितके चर्चेत यायला हवे होते तितके आलेले नाही. कर घेणारा आणि वाट राखणारा हे एकच आहेत, आणि घेतल्या पैशाचे उत्तर त्याने द्यायचे आहे, असे ते सांगते.

हे निव्वळ ग्रंथातले राहिले असेही नाही. दख्खनच्या गावगाड्यात रामोशी, कोळी अशा जागल्यांवर हीच जबाबदारी होती. चोरी झाली की जागल्याने माग काढायचा. पावलांचा माग शेजारच्या गावच्या शिवेपर्यंत नेऊन दिला की जबाबदारी त्या गावाची. माग हरवला तर भरपाई ज्याच्या हद्दीत हरवला त्याची. एल्फिन्स्टनने पेशवाईच्या अस्तानंतर दख्खनच्या व्यवस्थेचा जो अहवाल लिहिला त्यात या पद्धतीची नोंद आहे. जुन्नर-आंबेगावच्या घाटमाथ्यावर महादेव कोळी नाईकांकडे डोंगराची आणि वाटांची राखण असे. पावलांचा माग म्हणजे त्या काळची वाहतुकीची नोंदच. फरक एवढाच की ती नोंद वाटसरूला दंड करण्यासाठी ठेवलेली नव्हती, त्याचा गेलेला माल परत मिळावा म्हणून ठेवलेली होती.

सगळे नियंत्रण असे उदार नव्हते, हेही सांगितले पाहिजे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये कल्याण बंदराची हकीगत आहे. थोरल्या सरगनाच्या काळी, म्हणजे बहुधा सातकर्णीच्या काळी, कल्याण ही रीतसर बाजारपेठ होती. पुढे ते संदनेसाच्या ताब्यात आल्यावर तिथे अडथळे आले, आणि तिथे चुकून आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भरुचला नेली जाऊ लागली. भरुच हे त्या वेळी नहपानाचे बंदर. जुन्नरच्या मानमोडी डोंगरातील लेख नहपानाच्या अयम नावाच्या अमात्याचा, ४६ व्या वर्षाचा आहे. म्हणजे घाटाचा माथाही काही काळ त्याच सत्तेखाली होता. पेरिप्लस पैठण आणि तेर इथला माल भरुचला गाड्यांतून, बिकट वाटांनी येतो असे सांगतो, आणि पैठण ते भरुच अंतर २० दिवसांचे देतो. नाणेघाट उतरून कल्याण त्याहून किती जवळ होते हे नकाशा पाहणाऱ्याला सांगायला नको. जवळची वाट बंद करून लांबची चालवायची, हे वाहतुकीचे नियंत्रण डोंगराने केलेले नव्हते. ते सत्तेने केलेले होते, आणि त्याची किंमत पायी चालणाऱ्याने मोजली.

मध्ययुगात शिरताना शब्दच बदलतो, आणि हा बदल भाषेच्या अभ्यासकाने थांबून पाहण्यासारखा आहे. अरबीत जकात म्हणजे धर्माने सांगितलेले दान, आपल्या मिळकतीतला गरिबांचा वाटा. मराठीत येईपर्यंत त्याचा अर्थ मालावरचा कर असा झाला. उलट व्रज आणि गुजराती परंपरेत दान, दाण या शब्दाला वाटेवरच्या जकातीचा अर्थ आला. कृष्णाच्या दानलीलेतले दान हे हेच. गोकुळातून मथुरेच्या बाजारी दूध-दही घेऊन निघालेल्या गवळणींना कृष्ण वाटेत अडवतो आणि नाकेदाराच्या थाटात आपला हक्क मागतो. घेणाऱ्याला घेण्याला देण्याचे नाव द्यावेसे वाटते, ही गोष्ट दोन वेगळ्या भाषाकुळांत स्वतंत्रपणे घडली. नाणेघाटाच्या भिंतीवर जे शिल्पाने केले ते इथे शब्दाने केले, असे म्हणण्याचा मोह होतो.

हा कृष्ण मराठी रंगभूमीवर सर्वांत अधिक वेळा कुठे उभा राहिला असेल तर तमाशाच्या गौळणीत, आणि तमाशाचे माहेरघर समजले जाणारे नारायणगाव जुन्नर तालुक्यातच आहे. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचे हे गाव. गुढीपाडव्याच्या आधी इथे फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावच्या यात्रांच्या सुपाऱ्या ठरतात. गण संपला की गौळण सुरू होते: कृष्ण आणि पेंद्या वाट अडवतात, मावशी पुढे होते आणि वाद घालू लागते. तू कोण, तुला कोणी नेमले, रस्ता काय तुझ्या बापाचा, या तऱ्हेची तिची उलटतपासणी पिढ्यान्‌पिढ्या प्रेक्षकांनी हसून ऐकली. ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ज्यांनी आयुष्यभर कोणत्या ना कोणत्या नाक्यावर मुकाट्याने पैसे मोजले त्यांच्यासाठी नाकेदाराला प्रश्न विचारण्याची ती एकमेव मोकळी जागा होती. मराठी साहित्यात जकातीचा अनुभव कुठे आला, असे कोणी आम्हाला विचारले तर आम्ही कादंबऱ्यांकडे बोट न दाखविता या मावशीकडे दाखवू.

मराठेशाहीच्या कागदपत्रांत जकातीचा पसारा मोठा आहे. माल भरण्याच्या ठिकाणची थळभरीत, विकण्याच्या ठिकाणची थळमोड असे तिचे भेद आहेत. शिवाजी महाराजांचे १६७१ चे कुडाळच्या अधिकाऱ्यास पाठविलेले मिठासंबंधीचे पत्र सर्वपरिचित आहे. बारदेशातले, म्हणजे पोर्तुगीज मुलखातले मीठ स्वस्त पडते म्हणून व्यापारी तिकडे वळतील आणि आपल्याकडची मिठाची पेठ बुडेल, तेव्हा त्या मिठावर जबर जकात बसवावी असा त्याचा आशय. इथे जकात ही तिजोरी भरण्याची युक्ती राहिलेली नाही; वाटेवरच्या बैलांचे तोंड कोणत्या दिशेला वळावे हे ती ठरवते. पेरिप्लसमधल्या पहाऱ्याने जे केले ते इथे दराने केले, आणि स्वतःच्या मुलखातल्या मिठागरांसाठी केले.

इंग्रजांनी १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता खुला केला, १८३८ मध्ये मुंबई इलाख्यातील अंतर्गत जकाती कायद्याने रद्द केल्या, आणि १८६३ मध्ये आगगाडी बोरघाट चढली. नाणेघाटाचे महत्त्व संपायला तेवढे पुरे होते. मात्र १८७५ च्या कायद्याने रस्ते आणि पुलांवरचा टोल पुन्हा दाराशी आला. टोल हा शब्द तेव्हापासूनचा पाहुणा. आता घरचा झाला आहे.

आज जुन्नर-आंबेगावची मोठी वाट म्हणजे पुणे-नाशिक महामार्ग. खेड ओलांडला की पेठ, मंचर, कळंब हा आंबेगावचा भाग, मग नारायणगाव, आणि आळेफाट्यावर त्याला माळशेज घाटातून आलेला कल्याण-अहिल्यानगर रस्ता छेदतो. माळशेज हा नाणेघाटाचा थेट वारस; उत्तरेला थोड्याच अंतरावर आहे, आणि घाटमाथ्यावरची भाजी त्याच वाटेने कोकणात उतरते. महामार्गावर जुन्नर तालुक्यातच चाळकवाडीचा टोलनाका आहे. काचेवर चिकटविलेल्या पट्टीतला क्रमांक मार्गिकेवरचे यंत्र वाचते, बँकेतून पैसे जातात, आणि गाडी पुढे सरकते. रांजणात नाणे पडल्याचा आवाज तरी होत असावा. इथे मोबाइलवर संदेश येतो तो पुढच्या वळणावर.

नियंत्रणाची याहून पूर्ण कल्पना पाहायची तर जुन्या बोरघाटाकडे, यशवंतराव चव्हाण मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाकडे जावे लागते. ९४.५ किलोमीटरचा हा मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला. जुलै २०२४ मध्ये त्यावर वाहतूक व्यवस्थापनाची नवी यंत्रणा सुरू झाली. रस्त्यावर ठरावीक अंतराने कमानी, कमानींवर कॅमेरे. ते गाडीचा क्रमांक वाचतात, पट्टा लावला आहे की नाही, मोबाइल कानाशी आहे की काय, मार्गिका सोडली का, हे पाहतात. एका कमानीखालून गेल्याची वेळ आणि पुढच्या कमानीखालून गेल्याची वेळ यांवरून सरासरी वेग निघतो. म्हणजे कॅमेरा दिसताच वेग कमी करून पुन्हा वाढविण्याची जुनी हुशारी चालत नाही. मोटारींना सपाट भागात ताशी १०० आणि घाटात ६० किलोमीटरची मर्यादा आहे. ओलांडली की दंडाची पावती घरी. अवजड वाहनांचे वजन चालत्या गाडीतच घेण्याची सोय आहे.

या यंत्रणेची टवाळी करण्याचा मार्ग सोपा आहे आणि आम्ही तो घेणार नाही. द्रुतगती मार्गावर गेल्या २० वर्षांत जी माणसे गेली त्यांत ओळखीचे कोणी नाही असे घर पुणे-मुंबईच्या मध्यमवर्गात विरळा. वेग आवरणारे यंत्र त्या अर्थाने वाट राखणारेच आहे. आमचा आक्षेप नोंद ठेवण्याला नाही. ती एकाच बाजूची ठेवली जाते, याला आहे.

नाणेघाटात राजाचा खर्च भिंतीवर होता आणि वाटसरू निनावी जात होता. खर्च यज्ञांचा होता, वाटेचा नव्हता, तो फुगविलेलाही असेल. पण तो देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर होता. आता वाटसरूचा क्रमांक, वेळ, वेग, वजन यांची सेकंदापर्यंत नोंद आहे, आणि रस्ता बांधायला किती लागले, किती वसूल झाले, किती उरले, हे मात्र टोल भरताना दिसत नाही. ते विचारायचे तर अर्ज करावा लागतो, आकडे जुळवावे लागतात. टोलनाक्यावर एक मजकूर तेवढा ठळक असतो: कोणाला टोल माफ आहे त्यांची यादी. राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, पंतप्रधान, राज्यपाल, सरन्यायाधीश, आणि पुढे बरेच. सिमुक सातवाहन, देवी नागनिका, कुमार भाय या क्रमाची आठवण होते. त्या यादीत परमवीर चक्रासारखी शौर्यपदके मिळविलेल्यांचीही नोंद आहे हे सांगणे न्यायाचे होईल.

आणि अंतपालाचे ते कलम? ते भारतात पुन्हा ऐकू आले केरळात. त्रिशूर जिल्ह्यातील पालियेक्करा नाक्यावर रस्त्याची दुरवस्था आणि तासन्‌तास अडकणारी वाहने पाहून केरळ उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये टोलवसुली ४ आठवडे थांबविली. महामार्ग प्राधिकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. त्या न्यायालयाने १९ ऑगस्टला हस्तक्षेप नाकारला आणि चालण्याजोगा रस्ता नसेल तर नागरिकाने टोल भरावा अशी सक्ती करता येणार नाही, अशी भूमिका घेतली. ऑक्टोबरमध्ये अटींसह वसुली पुन्हा सुरू झाली. वाट अडली तर पैसे नाहीत, हे तत्त्व त्या दोन-अडीच महिन्यांत तरी प्रत्यक्षात आले. हरवल्याची भरपाई मात्र त्यात नव्हती. रुग्णवाहिकेचा वेळ हरवला तर तो कोणी भरून द्यायचा, हे अर्थशास्त्रातही नाही, हे कबूल.

महाराष्ट्रात अंतपालाचा नियम अजून आलेला नाही. उषवदाताचा आला आहे. विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून, मुंबईच्या वेशीवरील ५ नाक्यांवर हलक्या वाहनांना टोल माफ झाला. दहिसर, ऐरोली, वाशी आणि मुलुंडचे दोन. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत त्याच्या बातम्या पहिल्या पानावर होत्या, गाड्यांवर आभाराचे फलकही दिसले. उषवदाताच्या नावेत चढणाऱ्याला त्याच्या डोक्यावर किती ओझे आहे हे विचारले जात असल्याचे नाशिकच्या लेखात नाही. २०२४ ची माफी अवजड वाहनांना दिली गेली नाही. नारायणगावचे टोमॅटो भरून माळशेज उतरणारा ट्रक मुंबईत शिरताना त्या सवलतीत बसत नव्हता.